चाकांवरची चौथी

रंगनाथ पिसाळच्या घराला दार एक, खिडक्या दोन आणि चाकं चार होती. त्यामुळे "घर कुठं आहे तुमचं?" असं कुणी विचारलं, तर तो आधी आज तारीख किती ते विचारून घ्यायचा. एक्याऐंशी सालची गोष्ट. कंपनी कतारमध्ये दुखानच्या बाजूला रस्ता बांधत होती. रस्ता जसा पुढे सरकेल तशी छावणीही दर पंधरा-वीस दिवसांनी पुढे सरके. मुकादम राजाभाऊ शिट्टी मारायचा, पिकअप जोडली जायची आणि पिसाळांचं घर पोळपाट-लाटण्यासकट वाळवंटातून चालू लागायचं.

अशा घरातली मुलं शाळेत कशी जाणार? मग रंगनाथच्या बायकोनं, अंजनानं, शाळाच घरात आणली. ती लग्नाआधी फलटणला प्राथमिक शिक्षिका होती, आणि लग्न झालं म्हणून शिक्षिकापण सुटतं असं तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. सकाळी साडेसातला स्टीलच्या ताटावर पळी मारून घंटा व्हायची. थोरली फुला चौथीत, धाकटा निवृत्ती दुसरीत. दोघंही गणवेशात. आधी प्रार्थना, मग पाढे, तेही खणखणीत आवाजात, कारण पुटपुटलेला पाढा अंजनाच्या मते पाढाच नव्हे. रंगनाथ मधेच पाणी प्यायला आला तर त्यालाही दारात उभं राहून हात वर करावा लागे.

ही शाळा वर्षभर चालली होती ती एका अटीवर. अट घातली होती पोपटरावांनी. पोपटराव म्हणजे रंगनाथचे वडील आणि निवृत्त हेडमास्तर. त्यांचं पत्र आलं होतं: 'एक वर्ष बघतो. मार्चअखेर मान्य शाळेचा शिक्का असलेला कागद आला तर ठीक. न आल्यास सूनबाई आणि मुलांना मे महिन्याच्या विमानाने परत पाठवावे. तिकिटे मी इथून काढून ठेवली आहेत.'

रंगनाथ या आधी दोन वर्षं चाळीस बाप्यांच्या शेडमध्ये राहिला होता. तिथली डाळ, तिथले घोरण्याचे चाळीस प्रकार आणि भिंतीवर लावलेला मुलांचा फोटो हे सगळं त्याला पाठ होतं. पुन्हा तिकडे जायची त्याची तयारी नव्हती. शेवटी दोह्यात बिन महमूद भागातल्या एका भारतीय शाळेच्या मुख्याध्यापिका सिसिलियाबाई मुलांची परीक्षा घ्यायला तयार झाल्या. बाई मूळच्या वसईच्या. त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं, "गुरुवारी सकाळी दहाला. मुलं हजर तर पेपर, नाही तर रजिस्टर बंद. दुपारी दोनला मला यादी पाठवायचीय."

योगायोगानं घराची पाण्याची टाकी गळत होती. राजाभाऊ म्हणाला, "न्या की घरच दोह्याला. पोरं शाळेत सोडा, घर वर्कशॉपात सोडा."

अंजनाला हे पटलं. "म्हणजे मुलांना शेवटच्या मिनिटापर्यंत उजळणी करता येईल. पण अहो, तुम्ही आठवडाभर तुमच्या पिकअपवरच्या रहमानच्या शेडमध्ये झोपा."

"मी काय केलं?"

"फुलाला एकोणतिसाचा पाढा अडतो, आणि तुम्ही तिला बोटांवर उत्तर दाखवता. मी पाहिलंय. आणि गुरुवारी सकाळी सहाला यायचं, गाडी जोडायची, निघायचं. दारावर यायचं नाही, हाका मारायच्या नाहीत, मुलांची लिंक तुटते. आतून ठोकलं की गाडी हळू. थांबायची नाही, नुसती हळू. दोहा आल्यावर तुम्ही दार वाजवायचं, तोवर मी कडी काढणार नाही."

रंगनाथनं हात वर करून "हो बाई" म्हटलं.

गुरुवारी पहाटे असं धुकं पडलं की रहमानला आपल्या पिकअपचं नाक दिसेना. त्यात छावणीतल्या सगळ्या कॅरॅव्हान एकाच कारखान्यातून आलेल्या, सगळ्या पांढऱ्या, धुक्यात विरघळल्यासारख्या. पण रंगनाथला काळजी नव्हती. त्याच्या मुलांनी हस्तव्यवसायाच्या तासाला कोल्ड्रिंकच्या बाटल्यांच्या झाकणांचं तोरण केलं होतं आणि ते दारावर बांधलं होतं. अख्ख्या कतारात असं दार एकच. त्यानं चाचपत तोरण शोधलं, झाकणं खुळखुळली, आणि तो समाधानानं पुढच्या बाजूला जाऊन आकडा जोडायला लागला.

त्याला कुणी सांगितलं नव्हतं ते एवढंच की आदल्या दिवशी शेजारच्या कॅरॅव्हानमधल्या हारग्रीव साहेबाचा वाढदिवस होता. हा रस्त्याचा इंजिनियर, एकटा जीव. त्याला काहीतरी द्यायला हवं म्हणून मुलांनी स्वतःच्या दाराचं तोरण सोडून त्याच्या दाराला बांधलं होतं. साहेबानं प्रत्येकाला एक चॉकलेट दिलं आणि तो डांबराच्या रात्रपाळीला गेला. पहाटे परत येऊन, कानात कापूस घालून, तो तोरणाखालून आत शिरला आणि आडवा झाला.

रंगनाथनं पिकअप काढताच मागचा कोपरा शेजारच्या कॅरॅव्हानला दणकन घासला.

"अरे भाई, साहब का डब्बा ठोक दिया!" रहमान घाबरला.

"सोने दो. कान में कापूस डालता है वो," रंगनाथ म्हणाला. "त्याला काय कळतंय. यल्ला, चल."

अर्ध्या तासानं धुकं विरलं आणि मागून ठोकल्याचा आवाज आला. रंगनाथनं लगेच वेग कमी केला. पुन्हा ठोके आले, आणखी जोरात. रंगनाथनं आणखी कमी केला. मग कुणीतरी तव्यानं पत्रा बडवावा तसा गदारोळ सुरू झाला.

"भाभी आज बहुत गुस्से में है," रहमान म्हणाला.

"परीक्षा हाय ना. डोस्कं तापतं तिचं."

"रोक के पूछ लें?"

"ना ना! थांबायचं नाय म्हणालीय. नुसतं हळू."

आतला आवाज जसा वाढला तशी गाडी मंदावली. शेवटी रस्त्याकडेनं चाललेला उंटांचा एक तांडा त्यांना मागे टाकून पुढे गेला. त्यातल्या एका उंटानं जाताजाता मागच्या खिडकीत डोकावून पाहिलं आणि चमकून मान मागे घेतली. रंगनाथला वाटलं, अंजनानं उंटालाही हात वर करायला लावला असणार.

शाळेच्या फाटकात पोचायला अकराला दहा कमी झाले. सिसिलियाबाई मनगटावरचं घड्याळ बघत पायरीवर उभ्या होत्या. मागे दोन शिक्षिका, शिपाई, आणि मधल्या सुटीत बाहेर आलेला अख्खा पाचवीचा वर्ग. रंगनाथ धावत मागे गेला, ठरल्याप्रमाणे दार वाजवलं आणि ओरडला, "आलो गं! उतरवा पोरांना!"

कडी निघाली. तोरण खुळखुळलं. आणि दारात, पट्ट्यापट्ट्यांच्या पायजम्यात, एका कानात कापूस आणि हातात फ्राइंग पॅन घेतलेला हारग्रीव साहेब उभा राहिला.

रंगनाथच्या तोंडाचा आ झाला तो तसाच राहिला. तोरण आपलं. दार आपलं. मग त्यातून साहेब कसा? आणि साहेब इथं, तर आपली बायको कुठं? एका वेळी एकच प्रश्न पडला असता तर त्यानं तो विचारलाही असता. दोन पडल्यामुळे दोन्ही घशात अडकले.

पाचवीच्या वर्गानं आयुष्यात पहिल्यांदा पूर्ण शांतता पाळली.

सिसिलियाबाईंनी साहेबाकडे पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि चष्मा सारखा करत विचारलं, "ह्यातला चौथीचा कोण?"

मग जे झालं ते एकदम झालं. साहेब पॅन हलवून बोलू लागला, रहमान "या अल्ला" म्हणत खाली बसला, आणि रंगनाथ हात जोडून "बाई, पोरं छावणीवरच राहिली, पोरांचा काय दोष न्हाय" असं तीन-तीनदा सांगू लागला.

"अरे बाबा, दहाची वेळ होती," बाई म्हणाल्या. "मुलं नाहीत, पेपर नाही. आणि वर्षभर वाळवंटात बंद दाराआड काय शिकली, कुणी पाहिलंय? कशावर शिक्का मारू मी?"

रंगनाथच्या डोळ्यांपुढे चाळीस खाटा आल्या. त्यातली एक रिकामी होती.

एवढ्यात साहेबाचा आवाज सगळ्यांच्या वर चढला. त्याच्या इंग्रजीचा मथितार्थ असा होता: "कुणी पाहिलं नसेल, मॅडम, मी ऐकलंय! मी रात्रभर डांबर टाकतो. सकाळी झोपायला येतो. आणि साडेसातला, रोज, शुक्रवार सोडून रोज, ह्यांची शाळा सुरू होते! दोन हातांवर! वर्षभर! कापूस घातला तरी ऐकू येतं! माझी बढतीची परीक्षा आहे, मला स्वतःची सूत्रं आठवत नाहीत, पण झोपेत मला काय आठवतं माहीत आहे?"

आणि त्यानं डोळे मिटून, मान डोलावत, खणखणीत सुरू केलं, "एकोनीस एके एकोनीस! एकोनीस दुने अडतीस! एकोनीस त्रिक सत्तावन्न!"

शिपायाच्या हातातली किल्ल्यांची जुडी पडली.

सिसिलियाबाई मात्र दोन पायऱ्या खाली उतरल्या. "तेवीस चोक?" त्यांनी हळूच विचारलं.

"ब्यान्नव," साहेब चिडून म्हणाला.

"सतरा पंचे?"

"पंच्याऐंशी."

"एकोणतीस त्रिक?"

साहेब अडखळला. "तिथं ते नेहमी थांबतात. मुलगी रडते, मग बाई पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावतात."

बाईंनी थोडा वेळ विचार केला. मग आत जाऊन पर्स, रजिस्टर आणि शिक्क्याची डबी घेऊन आल्या. "भिंतीपलीकडच्या माणसाला एवढं येत असेल तर मला मुलं बघायचीच आहेत. दोन वाजायच्या आत यादी फोनवर सांगेन. छावणीवर फोन आहे ना? चल रे, आण गाडी. आणि आता जरा जोरात."

पुढे तिघांचीच जागा होती. साहेबानं आपण पलंगावरच बरे असं सांगून पुन्हा आत जाऊन कडी लावली. परतीच्या वाटेवर त्यानं दोनदा ठोकलं, पण बाईंच्या शेजारी बसून गाडी हळू करायची रंगनाथची छाती झाली नाही.

छावणी सामसूम होती, सगळे साइटवर. साहेबाच्या जागी रिकामी वाळू आणि तिच्या शेजारी, तोरण नसलेली, पिसाळांची कॅरॅव्हान. दार बंद. आतून पाढ्यांचा आवाज येत होता.

 सहा तास! काय म्हणेल ही? त्यानं जीव मुठीत धरून दार वाजवलं.

कडी निघाली. अंजना ठेवणीतल्या जरीच्या साडीत, गजऱ्यासारखी कागदी फुलं माळून, हसतमुखानं दारात आली. मागे तेल लावून चप्प बसवलेल्या केसांची दोन मुलं.

"आलो का?" ती म्हणाली. मग बाईंना पाहून तिनं वाकून नमस्कार केला. "वाट बघावी लागली का हो बाई? यांना मीच बजावलं होतं, हळू चालवा म्हणून. पण आज काय अलगद आणलंय! निघताना एक दणका बसला तेवढाच. नंतर दौतीतली शाई हलली नाही."

रंगनाथनं रहमानकडे पाहिलं, रहमाननं वाळूकडे.

"मी खिडकीतून बघत होते ना. धुकं गेलं तर साहेबांची गाडी दिसेना, नुसती वाळू. म्हटलं, निघालो आपण. तासाभरानं बघितलं, तरी वाळूच. लांबच आहे म्हणायचं दोहा." ती पायरी उतरली, पदर सावरला आणि समोर पाहिलं. समोर दोरीवर तिनं काल संध्याकाळी वाळत घातलेला निळा परकर फडफडत होता.

अंजनानं परकराकडे पाहिलं. मग बाईंकडे. मग पुन्हा परकराकडे.

"अहो," ती खूप हळू आवाजात म्हणाली, "मग सकाळपासून तुम्ही कुणाला घेऊन फिरताय?"

त्याच वेळी पिकअपमागचं दार उघडलं आणि साहेब पायजम्यात खाली उतरला. "गुड आफ्टरनून, मिसेस पिसाळ," तो म्हणाला, आणि पुन्हा आत जाऊन त्यानं दार लावून घेतलं. अंजना मटकन पायरीवर बसली.

परीक्षा तिथंच झाली, स्वयंपाकाच्या ओट्यावर वह्या ठेवून. निवृत्तीनं दोन्ही पेपर सोडवून वर बाईंना पाणी विचारलं. फुलाचं लेखन झालं, भूगोल झाला, आणि तोंडी परीक्षेत बाईंनी नेमकं विचारलं, "एकोणतीस त्रिक?"

फुलाचे डोळे भरले. बाईंच्या मागे उभ्या असलेल्या रंगनाथची बोटं आपोआप हलायला लागली. अंजनानं बघितलं, आणि त्यानं हात खिशात घातले. घड्याळात एक वाजून चाळीस मिनिटं झाली होती. 

आणि बाहेरून, मागच्या कॅरॅव्हानच्या भिंतीपलीकडून, झोपेला मुकलेल्या माणसाचा हताश आवाज आला, "सत्त्याऐंशी! फॉर गॉड्स सेक, सत्त्याऐंशी!"

"सत्त्याऐंशी," फुला डोळे पुसत म्हणाली, आणि त्या धक्क्यानं पुढचं सगळं तिच्या तोंडून धबधब्यासारखं बाहेर पडलं, "चोक एकशे सोळा, पंचे एकशे पंचेचाळीस," थेट दोनशे नव्वदपर्यंत. शेवटच्या आकड्यावर अंजनाच्या डोळ्यांतून पाणी आलं.

सिसिलियाबाईंनी रजिस्टर उघडलं, त्यातल्या दाखल्याच्या कागदावर काहीतरी लिहिलं, फुंकर मारून शिक्का उठवला आणि दोनच्या आत छावणीच्या फोनवरून यादी सांगितली.

तो कागद रंगनाथनं त्याच संध्याकाळी, न वाचता, पाकिटात घालून गावाला पाठवला. शिक्का पाहिला एवढंच त्याला पुरेसं होतं. साहेबानं पुढच्या मुक्कामावर आपली कॅरॅव्हान कुठे लावायची ते राजाभाऊला बजावून सांगितलं: पिसाळांच्या शेजारीच, म्हणजे निदान कुठला पाढा येणार ते आधी कळतं.

तीन आठवड्यांनी पोपटरावांचं उत्तर आलं. रंगनाथनं ते उभ्या उभ्या वाचलं आणि मग दुसऱ्यांदा वाचायला पायरीवर बसला.

'चिरंजीव रंगनाथास आशीर्वाद. दाखला मिळाला. तिकिटे रद्द केली आहेत, सूनबाईंना शाबासकी सांगणे. मात्र दाखल्यावर तीन नावे उत्तीर्ण आहेत. फुला आणि निवृत्ती माझ्या माहितीतले आहेत. तिसरे, हारग्रीव, हे कधी झाले आणि मला का कळवले नाही, याचा उलटटपाली खुलासा करावा.'