फरसबीचं पोरियल आणि धोक्याची घंटा

ज्या माणसाने रंगाचा अख्खा कारखाना इतकी वर्षं आगीपासून सांभाळला, त्याला मूठभर फरसबी शिजवता येणार नाही असं कुणाला वाटत असेल, तर त्याने खुशाल आमच्याकडे जेवायला यावं! त्या रविवारी सकाळी तरी माझं हेच मत होतं.

मी कारखान्यात अग्निसुरक्षा अधिकारी आहे. माझी बायको बँकेत. तिला शाखाप्रमुख म्हणून बढती मिळाली होती, पण शाखा दुसऱ्या गावात, वर्षभर मुक्काम तिकडेच, घरी फक्त शनिवार-रविवार. अशी बढती तिने याआधीही नाकारली होती, आणि कारण एकच: यांच्या जेवणाचं काय? आता पुन्हा संधी आली होती. ती हुशार आहे, त्या खुर्चीवर तिचा हक्क आहे, आणि माझ्या पोटापायी तिने पुन्हा नकार दिला असता तर मला आरशात बघणं जड गेलं असतं.

"तू जा, स्वयंपाकाचं मी बघतो," मी तिला सांगितलं.

"ठीक आहे," ती म्हणाली. "आज दुपारी तुम्ही एक भाजी करा. एकट्यानं. मला हाक मारायची नाही. आपल्या पोरीनं ती पोटभर खाल्ली, तर मी संध्याकाळी साहेबांना हो म्हणते."

"अगं, एक काय, दोन करतो."

"एकच करा."

तिच्या बँकेत एक दाक्षिणात्य कॅशियरबाई आहेत. त्यांच्या डब्यातलं फरसबीचं पोरियल, म्हणजे तिकडची खोबरं घातलेली सुकी भाजी, बायकोला फार आवडतं. मी बाल्कनीत जाऊन त्यांना गुपचूप फोन लावला.

"त्याच्याइतकं सोपं काही नाही," बाई म्हणाल्या. "फरसबी बारीक चिरायची. तेल चांगलं तापलं की मोहरी, उडीदडाळ, लाल मिरची, कढीपत्ता. मग फरसबी, मीठ, झाकण. शेवटी वरून ओलं खोबरं."

"चांगलं तापलं म्हणजे किती अंश?"

"अहो, तापलं की कळतं," त्या म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

मी पद्धतशीर माणूस आहे. जिथे ज्योत तिथे वारा नको, हा आमचा पहिला धडा. म्हणून मी स्वयंपाकघराची खिडकी लावली, पंखा बंद केला आणि दारही ओढून घेतलं. जाड हातमोजे घातले. डोळ्यांवर कारखान्यातला बंदिस्त चष्मा आणि नाकातोंडावर मास्क चढवला. नुकतंच कॉलेज संपवलेली आमची लेक दार किलकिलं करून म्हणाली, "बाबा, तू फरसबी शिजवतोयस की बॉम्ब निकामी करतोयस?"

मी चिरत राहिलो. हातमोजे घालून फरसबी चिरणं हे गंमत करण्याचं काम नव्हे.

कढईत तेल ओतलं आणि ते तापलं हे कळायची वाट बघत उभा राहिलो. मला काही कळेना. डोळे चष्म्यात, नाक मास्कमध्ये, हात मोज्यांत. कळायचे सगळे रस्ते मी स्वतःच बंद करून ठेवले होते. शेवटी, असेल तापलं, असं म्हणून मोहरी, डाळ, कढीपत्ता आणि मूठभर लाल मिरच्या एकदमच टाकल्या, आणि त्यावर धुतलेली, पाणी निथळणारी फरसबी ओतली.

कढई अशी फुत्कारली की मी दोन पावलं मागे सरलो. धूर उठला. बाहेर बायको आणि लेक खोकत सुटल्या. मला मात्र मास्कमुळे ठसकासुद्धा लागला नाही. आणि तेवढ्यात घंटा वाजली.

ही घंटा आमच्या इमारतीची. मीच बसवून घेतलेली. घराघरात धुराचं यंत्र, एकात धूर शिरला की सगळ्या मजल्यांवर ठणाणा. घंटा झाली की हातातलं काम टाकून, जिन्याने, काहीही बरोबर न घेता खाली अंगणात जमायचं, हेही सगळ्यांकडून मीच घोकून घेतलं होतं.

मी ताबडतोब गॅस बंद केला. नियमाप्रमाणे कढई तिथेच सोडायला हवी होती. पण त्या कढईत बायकोची बढती होती. मी ती उचलली आणि निघालो.

अंगणात सगळी इमारत जमली होती. तळमजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिका काठी टेकत आल्या होत्या. समोरच्या घरातले दातांचे डॉक्टर अर्धी दाढी करून, उरलेल्या फेसासकट उभे होते. सगळे बघत होते माझ्याकडे. चष्मा, मास्क, हातमोजे आणि वाफाळती कढई.

"आग कुणाकडे?" डॉक्टरांनी विचारलं.

"आग नाही," मी म्हणालो. "फोडणी आहे."

"मग आम्ही वर जातो."

पण जाता येत नव्हतं. कुणीतरी वर जाऊन खात्री केल्याशिवाय कुणीही परत जायचं नाही, आणि ज्याच्या घरातून घंटा झाली त्याने ती खात्री करायची नाही, असा नियम होता. नियम अर्थातच माझा! माझ्यानंतरचा अधिकार मुख्याध्यापिकाबाईंचा. लिफ्ट वापरायची नाही, हाही नियम. बाई एकेका पायरीवर गुडघा धरून थांबत वर निघाल्या आणि आम्ही ऐन जेवणाच्या वेळेला उन्हात त्यांची वाट बघत उभे राहिलो.

लेक माझ्या शेजारी आली. तिच्या हातात खवलेल्या खोबऱ्याची वाटी होती. तिनेही नियम मोडला होता.

"बाबा, हे राहिलं," ती म्हणाली. तिने स्वतःच ते कढईत पसरलं आणि आईसमोर उभी राहून बोटांनी खायला लागली. कर्रम, कर्रम असा आवाज सगळ्या अंगणात ऐकू येत होता. मिरचीने तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या, तरी ती थांबेना.

"मस्त झालंय," ती म्हणाली. "आई, तू हो म्हण."

पोरीला आईच्या बढतीची माझ्याइतकीच कळकळ होती.

"बेताने चाव गं," डॉक्टर म्हणाले. त्यांनी एक तुकडा तोंडात टाकला, बराच वेळ गालाला हात लावून उभे राहिले आणि म्हणाले, "वहिनी, कसलं हो म्हणायचंय?"

बायकोने सगळं सांगितलं. बढती, गाव, वर्षभर, आणि ही भाजी. ऐकता ऐकता लोकांच्या नजरा कढईवरून माझ्याकडे आणि माझ्याकडून लेकीकडे गेल्या. तेवढ्यात मुख्याध्यापिकाबाई धापा टाकत खाली आल्या. "आग नाही," त्यांनी जाहीर केलं. मग कढईतलं चिमूटभर चाखलं. "मीठ?"

मीठ वर ओट्यावरच राहिलं होतं.

बाई बायकोकडे वळल्या. "तू जा बाळ, निश्चिंत जा. सोमवारी ही दोघं माझ्याकडे जेवतील."

"मंगळवारी आमच्याकडे," डॉक्टर म्हणाले. मग मागून बुधवार आला, गुरुवार आला. शुक्रवारावरून दोन घरांत थोडी बाचाबाचीसुद्धा झाली. मी सांगत होतो की अजून सरावाची गरज आहे, एवढंच. माझं कुणी ऐकत नव्हतं.

बायकोने तिथेच अंगणात उभं राहून साहेबांना फोन लावला आणि हो म्हणाली. तिचा चेहरा इतका उजळलेला मी कित्येक दिवसांत पाहिला नव्हता.

"म्हणजे मी पास झालो?" मी विचारलं.

"तुम्ही नाही," ती म्हणाली. "शेजारी पास झाले."

पुढच्या रविवारी ती गेली. घर माझ्यावर, पोर माझ्यावर, सगळ्या किल्ल्यासुद्धा माझ्याच हवाली करून गेली. गॅसचा लायटर मात्र बरोबर घेऊन गेली.