शेणकिड्याची बढती

एका जंगलात, मुलांनो, शेण फार होतं. नाकं मुरडू नका. गवे म्हटले की शेण आलंच.

पण ते कुणाच्या पायाला लागत नसे, कारण तिथे गोळोबा नावाचा शेणकिडा राहायचा. उजाडल्यापासून तो शेणाचे गोळे वळायचा आणि मागच्या पायांनी ढकलत बिळात न्यायचा. त्या गोळ्यांत त्याची बायको भागूबाई अंडी घालायची. पोरं तोच गोळा खाऊन मोठी व्हायची. गोळोबा शीळ घालत काम करायचा. इथेच बिचाऱ्याचं चुकलं.

सिंहमहाराजांनी त्याला पाहिलं. "हा फुकट एवढा राबतो, तर पगारावर केवढा राबेल!" असं म्हणून त्यांनी त्याला मुख्य शेणाधिकारी केलं. महिन्याला एक पोळं मध आणि बसायला उंच दगड.

"साहेब, आता शेणाला पायही लावायचा नाही हं," कारभारी तरसोपंत म्हणाले. "पदाची शोभा जाते."

गोळोबा दगडावर बसून राहिला. खाली शेण साचू लागलं. महाराजांनी मध दुप्पट केला. शेणही दुप्पट झालं.

घरी भागूबाई कपाळाला हात लावून बसली होती. "अहो, मध चाटून आपली पोरं जगायची नाहीत! आणि अंडी घालू कुठे, तुमच्या त्या दगडावर?"

गोळोबा तडक दरबारात गेला. "महाराज, मला परत खाली घ्या."

"छे!" तरसोपंत म्हणाले. "शिक्षा झाल्याशिवाय इथे कुणी खाली येत नाही."

"आणि शिक्षा कशाला होते?"

"दरबाराचा अपमान केला की."

दुसऱ्या दिवशी भर दरबारात एक भलामोठा ताजा गोळा आला. मागच्या पायांनी ढकलायचं म्हणजे उलटंच चालावं लागतं. त्यामुळे महाराजांना आधी गोळा दिसला आणि त्याच्यामागे गोळोबाचं बूड. दोन्ही थेट सिंहासनाला येऊन टेकले.

महाराजांनी डरकाळी फोडली. "काढून घ्या याचं पद! जन्मभर शेण ढकल, मेल्या!"

गोळोबाने मुजरा केला आणि तोच गोळा ढकलत घर गाठलं. भागूबाईला आनंदाने रडू फुटलं.

थोड्याच दिवसांत जंगल स्वच्छ झालं. महाराज खूश झाले आणि या कामगिरीबद्दल त्यांनी तरसोपंतांचा पगार वाढवला.

तात्पर्य: काम मन लावून करावं, पण वरिष्ठांच्या देखत कधीही करू नये. त्यांनी बढती दिली, तर पोरांनी खायचं काय?