चार नंबरचं डिझेल

परदेशातून आलेल्या डिझेलवर चालणाऱ्या गाडीत बसून त्या देशाविषयी वाईट बोललं की गाडी बंद पडते. आमच्या राजणी आगारात हे सगळ्यांना माहीत आहे आणि त्याबद्दल आजवर एकही तक्रार आलेली नाही. तक्रार करायची तरी ती कुठल्या ना कुठल्या गाडीत बसूनच आगारापर्यंत आणावी लागते.

मी या आगारात एकोणीस वर्षं कंडक्टर आहे. आम्ही देशांची नावं घेत नाही, कारण उच्चार चुकला तरी काही देश मनाला लावून घेतात. म्हणून टँकरना नंबर दिलेले आहेत. सकाळी गाडीच्या काचेवर पाटी लागते, 'आज चार नंबर', आणि प्रवासी त्याप्रमाणे जपून बोलतात. एक नंबर तसा सोशिक आहे, त्याच्याकडच्या उन्हाळ्याला नावं ठेवली तरी चालतं. दोन नंबरला शेजाऱ्याचं कौतुक खपत नाही. तीन आणि पाच एकमेकांचं तोंड बघत नाहीत. मागे लढाईच्या दिवसांत, मिळेल ते घ्या असा हुकूम आला आणि हे दोघं एकाच टाकीत आले. तेव्हा आठवडाभर गाडीत फक्त भाज्यांविषयी बोलायचं असं ठरलं. तरी बुधवारी कुणीतरी खजुराचा विषय काढलाच आणि गाडी तळ्याकाठी अडीच तास उभी राहिली.

आपल्या समुद्रातही थोडं तेल निघतं. त्याला कशाचंच काही वाटत नाही. सरकारला बोला, आगाराला बोला, मला बोला, गाडी धावते. पण ते महिन्यातून दीड दिवसच पुरतं. त्या दीड दिवसाच्या जागा आधीच भरलेल्या असतात. लोक कुठे जायचं नसताना तिकीट काढतात आणि मन मोकळं करून त्याच गाडीने घरी येतात.

चांगलं बोललं की गाडी चांगली चालते, हेही खरं आहे. म्हणून आगाराने निवृत्त मास्तर दिघे गुरुजींना फुकट पास दिला आहे. ड्रायव्हरच्या मागे बसून ते त्या त्या देशाचं गुणवर्णन करतात. "तेथील रस्ते रुंद असून जनता मितभाषी आहे," असं ते सुरू करतात आणि लिटरमागे अर्धा किलोमीटर जास्त मिळतो. भोरवडीचा घाट मात्र एवढ्यावर चढत नाही. त्याला उखाणाच लागतो. पायथ्याशी गाडी थांबवायची आणि एखाद्या बाईने, नवऱ्याचं नाव घ्यावं तसं, उखाण्यात देशाचं नाव घ्यायचं. 'तांब्याच्या कळशीला पितळेची कडी, चार नंबरचं नाव घेते, चढू दे गाडी.' एवढं झालं की गाडी खुशीत चढते. कोणावर अन्याय नको म्हणून माझ्याकडे वही आहे आणि बायकांचा क्रम त्यात लावलेला आहे.

त्या मंगळवारी काचेवर चार नंबरची पाटी होती आणि वहीत नाव होतं रत्नप्रभा बेंडल. मी ते मोठ्याने वाचलं आणि वाचता वाचताच मला कळलं की मी गाढवपणा केला आहे.

रत्नप्रभावहिनी आमच्याच गावच्या. त्यांचे यजमान सुधाकर सात वर्षांपूर्वी चार नंबरच्या देशात क्रेन दुरुस्त करायला गेले. तिथल्या मालकाने पासपोर्ट कपाटात ठेवला आणि किल्ली खिशात. तेव्हापासून सुधाकर तिथेच आहेत. परदेशात अडकलेल्यांच्या नातेवाइकांचे अर्ज घ्यायला राजणीत वर्षातून एकदा साहेब येतात. ते आज यायचे होते, दुपारी एकपर्यंत. घाट ओलांडणारी दुसरी गाडी नव्हती. अर्ज वहिनींच्या मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत होता आणि गावापासून इथपर्यंत त्यांनी तोंडातून अक्षर काढलं नव्हतं.

"वहिनी, राहू दे. मी पुढचं नाव घेतो," मी म्हणालो.

"का? क्रम माझा आहे ना? घेते की."

त्या उठल्या, पदर नीट केला आणि डोळे मिटून म्हणाल्या, "समुद्रावरून जहाज येतं, त्यात डिझेलचा साठा, चार नंबरचं नाव घेते, सरळ होवोत वाटा."

गाडी चढायला लागली. मला इतकं लाजल्यासारखं झालं की मी सुट्टे पैसे उगीच दोनदा मोजले. मागच्या बाकावरच्या एका नव्या नवरीला यातलं काहीच माहीत नव्हतं. ती कौतुकाने म्हणाली, "काकू, काय छान घेता तुम्ही! आता काकांचंपण घ्या ना!"

गाडीत सगळ्यांनी माना खाली घातल्या. गुरुजी घाईघाईने म्हणाले, "तेथील खजूर मधुर असून..."

"थांबा गुरुजी," वहिनी म्हणाल्या. "सात वर्षांत त्यांचं नाव घ्यायला कोणी सांगितलं नव्हतं मला." आणि त्यांनी घेतलं. "सात वेळा आंबा मोहरला, सात वेळा झडला, सुधाकररावांचा पासपोर्ट चार नंबरने अडवला."

गाडीने दोन आचके दिले आणि शेवटच्या वळणावर बंद पडली. वरची खिंड तिथून दोनशे पावलं.

अशा वेळी काय करायचं ते नियमात स्पष्ट आहे. बोलणाऱ्याने खाली उतरून टाकीजवळ उभं राहायचं आणि माफीचा छापील मजकूर वाचायचा. मी तो कागद काढला. बारा वाजून पाच मिनिटं झाली होती.

"वहिनी, दोन ओळी आहेत. वाचा आणि चला. अर्ज महत्त्वाचा."

त्यांनी कागद वाचला, मनातल्या मनात. "भाऊ, इथे लिहिलंय की माझी काही तक्रार नाही. हे वाचून पुढे गेले, तर साहेबाला काय सांगू? अर्जात तर तक्रारच आहे."

"ती तिकडे करायची. ही इकडची गोष्ट."

"तोंड एकच आहे माझं."

"अहो, पण एक वाजता साहेब उठेल! मग वर्षभर थांबाल?"

"ते कळतंय मला!" त्या ओरडल्या आणि त्यांना रडू फुटलं. "कळतंय म्हणून तर सकाळपासून गप्प बसले होते."

माफी दुसऱ्याने वाचून चालत नाही, नाहीतर मीच वाचली असती. तेवढ्यात ड्रायव्हर मुल्लाभाईंनी गाडी न्यूट्रलला टाकली आणि खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"कंडक्टर, खिंडीपर्यंत ढकलली तर पलीकडे अकरा किलोमीटर उतार आहे. ब्रेकला हवा लागते, म्हणून गिअरातच उतरवतो. उताराला कोणाचं डिझेल लागत नाही."

नियमात ढकलण्याबद्दल काहीच नाही. मी घंटी दिली.

एकेचाळीस माणसं खाली उतरली. नवरीने बांगड्या कोपरापर्यंत सरकवल्या. गुरुजी चाकामागे लावायचा दगड घेऊन उभे राहिले. दहा पावलं ढकलायची, दगड लावायचा, दम खायचा. वहिनी माझ्या शेजारीच होत्या. गाडीला खांदा लावून त्या बोलत होत्या आणि आता त्यांना अडवायचं कारण कुणाजवळ नव्हतं. त्या मालकाचं नाव, कपाटाचा रंग, सुधाकरना झालेली कावीळ, फोनवर मागून कोणीतरी ओरडायचं ते. मध्येच गुरुजी दगड लावता लावता म्हणाले, "नालायक माणूस!" एवढ्या वर्षांत त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच साधं वाक्य ऐकलं.

खिंडीतून गाडी सुटली तेव्हा साडेबारा झाले होते. मग अकरा किलोमीटर सगळी गाडी बोलत होती. कुणाचा भाऊ तीन नंबरमध्ये होता, कुणाचा मेहुणा पाचमध्ये. मुल्लाभाईंनीही त्यांचं सांगितलं, पण रस्त्यावरची नजर काढली नाही. उतार संपला आणि गाडी कचेरीच्या फाटकाला हलकेच टेकली, एक वाजायला नऊ मिनिटं कमी होती. साहेब डबा उघडत होते. वहिनींनी अर्ज टेबलावर ठेवला आणि न रडता सगळं सांगितलं. वाटेत त्यांची तालीम झाली होती.

मी आगारात अहवाल दिला. गाडी बंद पडण्याचं कारण: नवऱ्याचं नाव घेतलं. माफी: मागितली नाही. गाडी कशी आणली: माणसांनी. आगारप्रमुखांनी तो दोनदा वाचला, "इंधन बचत" असा शेरा मारला आणि सही केली.

सुधाकर अजून आलेले नाहीत. साहेबांनी अर्ज पुढे पाठवला आहे. वहिनी दर मंगळवारी चौकशीला जातात, चार नंबरच्याच गाडीने. शेवटच्या वळणावर मुल्लाभाई गाडी उभी करतात आणि लोक न सांगता ढकलायला खाली उतरतात.