एक टुंग, एक माणूस

कल्पना करा, तुमची दाढ दुखते आहे. एका बाजूचा गाल सुजला आहे, सकाळपासून पोह्यांचा एक घाससुद्धा चावता आलेला नाही, आणि उज्जैनच्या फ्रीगंजमधल्या एका दातांच्या दवाखान्यात तुम्ही हातात टोकन धरून बसला आहात. समोरच्या भिंतीवर मोठा टीव्ही आहे. त्याच्यावर हत्तीच्या सोंडेएवढा ब्रश एक दात घासतो आहे. घासून झाला की पुन्हा पहिल्यापासून घासतो आहे. असं पाऊण तास. आता खरं सांगा, राग येईल की नाही?

त्या सोमवारी तिथे बसलेल्या सगळ्यांनाच आला होता. पण सगळ्यांत जास्त राग आला होता शैलेंद्रला, आणि त्याचा तर एकही दात दुखत नव्हता.

शैलेंद्र हा डॉक्टर पल्लवीचा धाकटा भाऊ. नोकरी वीज कार्यालयात, पण जीव संगणकात. बहिणीच्या दवाखान्यासाठी त्याने स्वतः एक प्रोग्राम लिहिला होता. टीव्हीवर दात घासण्याचा व्हिडिओ चालत राहील, काउंटरवर मीनादीदीने संगणकावरचं ‘पुढचा’ हे बटण दाबलं की हॉलमधल्या स्पीकरवर पेशंटचा नंबर पुकारला जाईल. पुकारणारा आवाज त्याच्या मुलीचा, अंबिकाचा.

अंबू पाचवीत होती. बाहेरचे हॉर्न ऐकू येऊ नयेत म्हणून तिने कपड्यांच्या कपाटात डोकं घालून एक ते चाळीस नंबर रेकॉर्ड केले होते. ‘टोकन नंबर एक, कृपया अंदर आइए.’ सत्तावीसला शिंक आली म्हणून तो नंबर तीनदा केला.

“एक दिवस चालवून बघू,” पल्लवीआत्या म्हणाली होती. “जमलं तर अंबूचा आवाज कायमचा. नाही जमलं तर मीनादीदी मारेल हाका. तिचा गळा आहेच खणखणीत.”

श्रावण सोमवारच्या सवारीमुळे, म्हणजे देवाच्या पालखीमुळे, शाळेला सुटी होती. अंबू वेणी घट्ट घालून नऊलाच येऊन बसली होती. आज तिचा आवाज अख्ख्या हॉलला ऐकू येणार होता.

दहा वाजता मीनादीदीने ‘पुढचा’ दाबलं. काहीच झालं नाही. तिने पुन्हा दाबलं. तेव्हा स्पीकरमधून आवाज आला, पण तो अंबूचा नव्हता.

टुंग.

हॉलमध्ये पहिल्या रांगेत तात्या बसले होते. तात्या रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले. घंटा वाजली आणि कोणी हललं नाही, हे त्यांनी आयुष्यात कधी खपवून घेतलं नव्हतं.

“नंबर एक, चलिए,” ते शेजारच्या माणसाला म्हणाले.

“पर काका, नाम तो पुकारा नहीं.”

“गाड़ी कभी नाम लेकर छूटती है क्या? घंटी बजी नं. उठिए.”

नंबर एक उठला आणि केबिनमध्ये गेला.

इकडे काउंटरपाशी शैलेंद्रने मीनादीदीला बाजूला केलं. “हट दीदी. बटण असं दाबतात का? घराची बेल आहे का ती?” आणि त्याने स्वतः दाबलं. टुंग. पुन्हा दाबलं. टुंग.

“दोन. तीन,” तात्या म्हणाले. “जल्दी. पीछे और लोग हैं.”

शैलेंद्रची पाठ हॉलकडे होती, आणि रागावलेल्या माणसाला एका वेळी एकच गोष्ट दिसते. त्याला फक्त ते बटण दिसत होतं. काल घरी ते गुणी मुलासारखं वागलं होतं आणि आज चारचौघांत त्याची लाज काढत होतं.

“बाबा,” अंबू म्हणाली.

“थांब.”

“बाबा, लोक आत...”

“अंबू, मी काय म्हटलं?”

टुंग. टुंग.

केबिनमध्ये पल्लवी, टोकनांच्या आधीची वेळ घेतलेल्या एका बाईंच्या दातात सिमेंट भरत होती. दार उघडलं. “कोण तुम्ही? मी बोलावलं का?”

“मैडम, घंटी बजी.”

“कसली घंटी? बाहर बैठिए.” एवढं म्हणेपर्यंत दार पुन्हा उघडलं आणि दुसरा आत आला. मग तिसरा. बाहेर जायला निघालेल्याला आत येणारा जाऊ देईना, कारण त्यालाही त्याच्या घंटेचा मान राखायचा होता.

बाहेर शैलेंद्रचे कान लाल झाले होते. “वीस दिवस. वीस दिवस मी याच्यावर घालवले,” तो संगणकाला म्हणाला आणि त्याने माउस बोटाखाली धरून टेबलावर आपटला. टुंग, टुंग, टुंग.

तात्यांनी स्वतःचं टोकन पाहिलं. सहा. ते उठले, सदरा खाली ओढला आणि सात नंबरच्या तरुणाच्या खांद्यावर हात ठेवला. “माझा नंबर आला. आता इथलं तू सांभाळ. एक टुंग, एक आदमी. गड़बड़ नहीं चाहिए.”

“काका, मैं भी तो चल रहा हूँ. तीन घंटियाँ बजी हैं.”

“मग आठवाल्याला सांगून ये.”

“आठवाला भी चल रहा है.”

तात्यांना हे बिलकुल पसंत पडलं नाही, पण घंटेपुढे त्यांचा इलाज नव्हता. तिघेही आत गेले.

आतून आत्याचा आवाज आला, आणि तो अंबूच्या रेकॉर्डिंगपेक्षा पुष्कळ स्पष्ट होता. “शैलेंद्र. माझ्या केबिनमध्ये आठ माणसं उभी आहेत. एक बाई खुर्चीवर तोंड उघडून पडली आहे. तिच्या दातातलं सिमेंट वाळतंय. काय चालवलंयस तू बाहेर?”

आता राग कुठेतरी टाकायला हवा होता. संगणकावर टाकून झाला होता, मीनादीदीवर थोडा टाकला होता. शैलेंद्र वळला, आणि समोर अंबू होती.

“काल संध्याकाळी इथे याच्यासमोर कोण बसलं होतं?”

“मी. पण मी फक्त सत्तावीस नंबर ऐकला.”

“झालं. आणि कुठेतरी काहीतरी दाबलंस.”

“नाही दाबलं.”

“मग हे आपोआप बिघडलं? काल घरी चालत होतं, इथे तू हात लावलास आणि बंद पडलं. तुझ्याच फाइली खराब आहेत. बास झालं. तुझा आवाज बंद. चाळीसच्या चाळीस काढून टाकतो.”

हॉलमधली उरलेली माणसं अंबूकडे बघायला लागली. एक आजी गालावर रुमाल धरून म्हणाल्या, “आजकल के बच्चे हर चीज़ में उंगली करते हैं.”

अंबू रडली नाही. तिलाही राग आला होता, अगदी बाबांच्या राशीचा. फरक एवढाच, की बाबांचा राग हातापायांतून बाहेर पडत होता आणि हिचा आत बसून विचार करत होता.

“मी चाळीस फाइली केल्या,” ती म्हणाली. “एकाही फाइलीत टुंग नाही. मग टुंग कोण म्हणतंय?”

“बात तो सही है, भैया,” मीनादीदी म्हणाली.

“दीदी, तू मध्ये पडू नकोस.”

“टुंग संगणक म्हणतोय,” अंबू म्हणाली. “म्हणजे त्याला काहीतरी सांगायचंय. तुम्ही त्याचं ऐका. माझं ऐकू नका पाहिजे तर.”

शैलेंद्र काही बोलणार, तेवढ्यात केबिनचं दार उघडलं. आधी तात्या बाहेर आले, हातात डॉक्टरांचा छोटा आरसा धरलेला, कारण गर्दीत तो कोणीतरी त्यांच्याकडे सांभाळायला दिला होता. त्यांच्यामागून पल्लवी आली. दोन्ही हातांत मोजे, कपाळावर आठी. तिने कोणाकडे पाहिलं नाही. तिने पाहिलं टीव्हीकडे, जिथे ब्रश त्याच दाताला शंभराव्यांदा घासत होता.

“आधी हे बंद करा. डोकं उठलंय माझं,” ती म्हणाली, आणि तिने टीव्हीला जोडलेली संगणकाची वायर सरळ ओढून काढली.

टीव्ही काळा झाला. आणि काउंटरवरच्या संगणकावर, इतका वेळ जिथे काही नव्हतं तिथे, एक छोटी चौकट येऊन उभी राहिली. सुंदर अक्षरांत लिहिलं होतं, ‘पुढच्या पेशंटला बोलवायचं का?’ खाली दोन बटणं होती. हो. नाही.

ती चौकट शैलेंद्रने स्वतः केली होती.

झालं होतं ते असं. पल्लवीने त्याला बजावलं होतं, की मला विचारल्याशिवाय कोणाला आत पाठवायचं नाही. म्हणून नंबर पुकारण्याआधी विचारणारी ही खिडकी त्याने घातली. अशी खिडकी फार हट्टी असते. तिला उत्तर मिळेपर्यंत ती मागच्या कोणत्याही बटणाला हलू देत नाही, आणि तरी तुम्ही मागे दाबत राहिलात तर संगणक टुंग करून आठवण देतो, की आधी तिच्याकडे बघा. आता बघायचं कुठे? घरी शैलेंद्रचा स्क्रीन चांगला रुंद. तिथे त्याने ही खिडकी उजव्या अंगाला नीट मांडली आणि प्रोग्रामला सांगितलं, रोज याच जागी उघडायची. दवाखान्यातला स्क्रीन जुना आणि अरुंद. तिथे ती जागा स्क्रीन संपल्यावर, शेजारी जोडलेल्या टीव्हीवर येत होती. टीव्हीवर ब्रशचा व्हिडिओ पडदाभर पसरलेला, आणि कोणीही वर येऊ नये असा बंदोबस्त त्यालाही शैलेंद्रनेच करून दिलेला. बिचारी खिडकी दहा वाजल्यापासून त्या ब्रशच्या मागे उभी राहून एकच प्रश्न विचारत होती. वायर निघाली, टीव्ही गेला, तेव्हा तिला उभं राहायला काउंटरवरचा स्क्रीनच उरला.

शैलेंद्रने ‘हो’ दाबलं. स्पीकरमधून स्वच्छ, गोड आवाज आला, “टोकन नंबर एक, कृपया अंदर आइए.”

“अंदर ही तो हैं बेटा,” केबिनमधून नंबर एक म्हणाला. “बाहर आने का बोलो.”

दुपारी दवाखाना बंद झाल्यावर शैलेंद्रने चूक दुरुस्त केली. प्रश्नाची खिडकी नेहमी काउंटरवरच्या स्क्रीनच्या मधोमध आणि सगळ्यांच्या पुढे उघडेल, असं केलं. अंबू शेजारी बसून बघत होती. रागावला नसला की शैलेंद्र फार चांगला शिकवायचा. खिडकीची नक्कल कशी काढतात, तिच्यावरचा मजकूर कुठे बदलतात, बटण कसं कमी करतात, कोणती फाइल केव्हा वाजवायची ते कुठे लिहितात, सगळं त्याने तिला दाखवलं. एक गोष्ट मात्र त्याच्या तोंडून निघत नव्हती.

शेवटी पल्लवीनेच विचारलं. “तिला सॉरी म्हणालास का?”

“कशाबद्दल?”

“पूर्ण हॉलसमोर तिच्यावर आळ घेतलास त्याबद्दल.”

“आवाज ठेवला नं तिचा. अजून काय पाहिजे? मुलांची काय माफी मागायची, ताई. बाबांनी कधी आपली मागितली होती का?”

“नाही,” पल्लवी म्हणाली. “म्हणून तर अजून आठवतं.”

शैलेंद्र हसला, ‘मी जेवून येतो’ म्हणाला आणि गेला. अंबू हसली नाही. ती संगणकासमोर सरकून बसली. खिडकीची नक्कल काढायला तिला तीन मिनिटं लागली. तिच्यावर काय लिहायचं ते ठरवायला वीस. मग ती आत्याकडे गेली आणि म्हणाली, “मला तुझी केबिन पाहिजे. दार लावून.” आत्याने दार लावून दिलं. कशासाठी, ते विचारलं नाही.

पाच वाजता हॉल पुन्हा भरला. तात्याही आले होते, कारण सकाळी आठ जणांच्या गर्दीत त्यांची दाढ राहूनच गेली होती. शैलेंद्र ताजातवाना होऊन आला, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, “अब देखिए, एकदम मक्खन चलेगा,” आणि त्याने प्रोग्राम चालू केला.

स्पीकरमधून तोच स्वच्छ आवाज आला. “टोकन नंबर शून्य. शैलेंद्र बाबा, कृपया काउंटर पर आइए.”

शैलेंद्र काउंटरवरच होता. त्याच्यासमोर, स्क्रीनच्या मधोमध आणि सगळ्यांच्या पुढे, एक खिडकी उघडली होती. ‘सकाळी अंबूवर विनाकारण ओरडलो. चूक माझी होती.’ खाली एकच बटण होतं. मान्य.

त्याने बंद करायची फुली शोधली. फुली नव्हती. मागचं बटण दाबून पाहिलं. ते हललं नाही.

“क्या लिखा है, दीदी?” रुमालवाल्या आजींनी विचारलं. त्याही परत आल्या होत्या. मीनादीदीने चष्मा लावला आणि आपल्या खणखणीत गळ्याने सगळं वाचून दाखवलं, आधी मराठीत, मग हिंदीत.

“शैलेंद्र,” पल्लवीने केबिनच्या दारातून हाक मारली, “पाठव नं पेशंट. आता काय अडलंय?”

“काही नाही, ताई. एक मिनिट.” मग तो खाली वाकून हळूच म्हणाला, “अंबू, हे काढ. लोक बघताहेत.”

“सकाळीही बघत होते,” अंबू म्हणाली.

तिने मीनादीदीचं स्टूल ओढलं, त्याच्यावर नीट मांडी घालून बसली, माउस बाबांच्या हाताजवळ सरकवला आणि म्हणाली, “सावकाश दाबा, बाबा. मला घाई नाही.”