मेहुण्यांची लाल पेन्सिल

तुमच्यापैकी एकालाही हे खरं वाटणार नाही, आधीच सांगून ठेवतो! पण सगळं माझ्या डोळ्यांसमोर घडलंय. स्टुडिओतल्या काचेमागच्या खोलीत, चॅनेलच्या मालकाच्या खुर्चीला खुर्ची लावून बसलो होतो मी. आणि मेहुणे म्हणजे हिचे सख्खे थोरले भाऊ. ही आत भांडी आवरतेय, विचारा हवं तर!

मेहुणे वर्तमानपत्राचे संपादक. उभा जन्म हातात लाल पेन्सिल. मजकूर दिसला की खोडायचा! लग्नाआधी मी हिला लिहिलेलं पत्र एकदा त्यांच्या हाती लागलं. रागावले नाहीत. ‘अतोनात प्रेम’मधलं ‘अतोनात’ खोडलं आणि हिच्याकडे देऊन टाकलं.

पुढे ते वर्तमानपत्र बंद पडलं. मेहुणे मोडक्या छत्रीसारखे घराच्या कोपऱ्यात टेकून राहिले. या वयात कोण विचारणार? अशात एका नव्या चॅनेलचं बोलावणं आलं. संध्याकाळच्या बातम्या वाचायच्या, त्याही थेट प्रक्षेपणात! मालकानं बजावलं, “आज जमलं तर नोकरी. नाहीतर नमस्कार!”

निघताना हिनं भावाची कॉलर सारखी केली. “दादा, नुसतं वाच हं. खोडू नकोस.”

“वेडी आहेस का? तिथं बातम्या काचेवर दिसतात. काचेवर पेन्सिल चालते का?”

दिवे लागले. समोरच्या काचेवर अक्षरं सरकू लागली. मेहुण्यांनी वाचलं, “दुरुस्तीसाठी पूल उद्यापासून बंद.” झकास! पुढे, “पाणी उशिरा येईल.” उत्तम! मग, “एक वृद्ध गृहस्थ बाजारात वाट चुकले आहेत. त्यांना स्वतःचं नाव आठवत नाही. ते पोलीस चौकीत सुखरूप आहेत.” मेहुण्यांच्या मागे त्या आजोबांचा फोटो झळकला.

चौथी बातमी आली, ‘संपूर्ण शहर हादरलं!’

मेहुण्यांचे ओठ मिटले. “संपूर्ण? कोणी पाहिलं?” ते पुटपुटले. पाचवी, ‘सूत्रांच्या माहितीनुसार...’ त्यांनी मान हलवली. अक्षरं वर सरकताहेत आणि हा गृहस्थ नुसत्या नजरेनं ओळीच्या ओळी खोडतोय!

“अहो, हे चाललंय काय?” मालक किंचाळला.

“संपादन,” मी म्हणालो.

शेवटी मेहुणे कॅमेऱ्याकडे बघून म्हणाले, “खात्रीच्या बातम्या एवढ्याच. बाकीच्या तपासायच्या आहेत.” आणि हाताची घडी घालून गप्प बसले. जवळजवळ सगळा अर्धा तास शिल्लक!

गावाला वाटलं, टीव्ही बिघडले. लोकांनी सेटना असे धपाटे घातले की शेजारच्या घरातली झोपलेली पोरं रडत उठली! मग जो तो गच्चीवर, अँटेना फिरवायला. एवढी गर्दी, की कावळ्यांना टेकायला जागा उरेना. बिचारे घरात येऊन सोफ्यावर बसले!

इकडे मालकाचा हात जाहिरातीच्या बटणाकडे गेला. मी झडप घालून त्याचं मनगट धरलं! “थांबा! बघा तरी त्यांच्याकडे.”

आणि खरंच, बघत राहावं असंच होतं ते. आपल्याला जे ठाऊक नाही ते बोलायचं नाही म्हणून एक माणूस भर उजेडात, नोकरी जाताना दिसत असूनही, शांत बसला होता. त्यानं पुढची बातमीच न वाचल्यामुळे त्याच्या मागचा आजोबांचा फोटोही बदलला नव्हता. धपाटे घालून दमलेले लोक पुन्हा खुर्चीत बसले. करायला दुसरं काही नव्हतं, म्हणून त्या म्हाताऱ्या चेहऱ्याकडे बघत राहिले.

तेवढ्यात फोन वाजला. मालकानं उचलला.

“आमचे वडील आहेत ते!” पलीकडचा माणूस रडत होता. “टीव्ही नेहमी नुसता बडबडत असतो हो. आज एकदम गप्प झाला, म्हणून वळून बघितलं...”

मालकानं रिसीव्हर ठेवला. काचेपलीकडे बोट दाखवलं. “यांना सांगा, उद्यापासून रोज यायचं.”

तर मंडळी, मेहुण्यांची पुढची सगळी कारकीर्द कोणामुळे? ऐन वेळी ते मनगट मी धरलं म्हणून!

आतला भांड्यांचा आवाज थांबला.

“मनगट?” ही हात पुसत दारात आली. “अँटेनाचा दांडा धरला होतात तुम्ही! अख्खा अर्धा तास गच्चीवर! आणि मी खालून घसा फोडून ओरडतेय, अहो, उतरा आता, टीव्ही ठीक आहे, दादाच गप्प बसलाय!”