पुंजाजीचं शीड

बैलगाडीला शीड लावणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्याच शेजारी राहत होता. आता याला नशीब म्हणायचं, दुसरं काय?

पुंजाजी माळ्याची आणि माझी भिंत एक. आमचं गाव पूर्णेच्या अलीकडच्या काठाला, अकोल्याच्या अंगाला. समुद्र गोल असतो का लांबट, हे गावात कोणाला ठाऊक नव्हतं. पण एका साली हा बाबा कापसाच्या गाड्यांसोबत थेट मुंबईपर्यंत गेला आणि बंदरावर शिडाची जहाजं पाहून आला. गेला तेव्हा बरा होता. आला तो डोक्यात वारा भरूनच. आल्याआल्या त्यानं गाडीत एक बांबू उभा बांधला, त्याला आपलं धोतर ताणून लावलं आणि स्वतः लंगोटीवर अकोल्याच्या बाजाराला निघाला. म्हणे बैलांना तेवढाच आराम. बैल बिचारे मागून कोण ढकलतंय ते पाहायला सारखी मान वळवायचे. नाल्याच्या उतारावर धोतरात वारा भरला आणि गाडी, बैल, कापूस आणि पुंजाजी असा सगळा संसार शेजारच्या तुरीत शिरला. तूर माझी होती. मी काठी घेऊन धावलो, तर हा गाडीखालून डोकं काढून मलाच विचारतो, "पायलं का गनपत, कशी पयाली?"

कोणतंही काम करायच्या आधी तो बोट जिभेला लावून वर धरायचा. वारा कोणीकडून आहे ते पाहिल्याशिवाय त्याचं पाऊल पुढे पडत नसे. एका लग्नात तर वारा तोंडावर येतो म्हणून पंगतीतून उठला आणि दुसऱ्या टोकाला जाऊन बसला. तिथंही जमेना, पुन्हा उठला. त्याच्यापायी पंगतच्या पंगत सरकली आणि माझ्या पानावरची जिलबी नवरदेवाच्या मामानं खाल्ली. कोणी काही बोललं की याचं उत्तर ठरलेलं, "हवा फुकट हाये, बापा. तिचा भाव अजून कोनी काढला नाई."

बोलणं तसं खोटं नव्हतं. विलायतेच्याही पलीकडे कोण्या मुलखात लढाई जुंपली आणि इकडे आमच्या कापसाला सोन्याचे दिवस आले. भाव सकाळी एक, दुपारी दुसरा. माणसं अमरावतीहून अकोल्याला धावायची, अकोल्याहून अमरावतीला. कोणी बैलांच्या शिंगांना चांदी मढवली, कोणी दारात मोटेपेक्षा मोठं झुंबर टांगलं. गावात निवांत बसलेला माणूस दिसला तर तो आजारी आहे असं खुशाल समजावं.

पण पुंजाजीची तगमग कापसाची नव्हती. हा बुवा भाकरीसुद्धा हातावर घेऊन फिरत फिरत खायचा. घरातून नदीवर, नदीवरून घरात, पुन्हा नदीवर. त्या वर्षी भादव्यात तर त्याच्या येरझारांनी आमच्या गल्लीतलं गवत मेलं. त्याचं कारण अख्ख्या गावाला माहीत होतं. कारण होतं त्याची पोरगी, सरू.

सरू रांगत होती तेव्हा तिची माय गेली. लोकांनी दुसरी कर म्हणून लाख सांगितलं, यानं ऐकलं नाही. पोरीला यानंच न्हाऊमाखू घातलं, यानंच वेण्या घातल्या. वेणी इतकी करकचून घालायचा की पोरीचे डोळे तिरपे व्हायचे, पण त्या वेणीत आपल्या मळ्यातलं शेवंतीचं पहिलं फूल खोवल्याशिवाय बाजाराची टोपली भरायचा नाही. तिला दिली पूर्णेपलीकडे, तेल्हाऱ्याच्या वाटेवरच्या एका गावी. घर चांगलं मिळालं. आता पहिलंच बाळंतपण आलं होतं, दसऱ्याच्या सुमाराचं.

पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. आणि पोरीला आणायला माहेरचा मुराळी स्वतः दारी गेला पाहिजे, हीही रीत. बाप नाहीतर भाऊ. निरोपावर कोणी गर्भार सून धाडत नाही. भाऊ सरूला नव्हता, उरला बाप. आणि बाप अलीकडे, मध्ये पूर्णा दुथडी भरलेली. एरवी भोई डोंग्यातून पार न्यायचे. पण त्या वर्षी गावचे सगळे भोई दुप्पट मजुरीला भुलून अकोल्याला कापसाचे गठ्ठे उचलायला गेले होते आणि त्यांचा डोंगा काठावर उपडा पडून वाळवीच्या पोटात चालला होता. पाणी ओसरून गाडीवाट मोकळी व्हायची ती दिवाळीनंतर. म्हणजे दसऱ्याच्या आधी सरूला नदी पार करून आणायची कशी, एवढा एकच घोर त्या माणसाला लागला होता.

तयारी मात्र त्यानं सगळी करून ठेवली होती. सुईणीला सांगितलं, बाज विणून घेतली. डिंकाचे लाडू कसे करायचे ते माझ्या बायकोकडून शिकून गेला आणि कढई जाळली. लाडू असे झाले की एक खाली पडला तो फुटला नाही, फरशीचा टवका उडाला. माझी बायको हसून हसून मेली, आणि मग चुलीपाशी बसून डोळे पुसू लागली. मला म्हणाली, "आपल्या पोरीच्या वक्ती तुमी कोठी होते?" मी तिथून उठलो.

अशात अकोल्याचे कापूसवाले साहेब आमच्या घाटावर अवतरले. पावसाळ्यात त्यांना बसून बसून कंटाळा आला होता म्हणे. येताना गाड्यांवर लादून शिडाच्या तीन रंगवलेल्या होड्या घेऊन आले. शनिवार-रविवार शर्यत. पलीकडच्या काठाजवळ एक रिकामं पीप तरंगत बांधून त्यावर लाल निशाण लावलं. इथून निघायचं, पिपाला वळसा घालायचा आणि परत यायचं. शनिवारची फेरी नुसती चुणूक, खरी रविवारची.

होड्या पाहून पुंजाजीच्या जिवात जीव आला. धावत जाऊन साहेबांच्या मुनशीचे पाय धरले, एवढ्या दुपारपुरती एक द्या म्हणून. मुनशी हसला. शर्यतीच्या होड्या आहेत, माणसं पार न्यायच्या नाहीत, असं म्हणून त्यानं याला वाटेला लावलं. तेवढ्यात तिसऱ्या होडीचा साहेब तापानं फणफणला. कोणीतरी मोठ्या साहेबाच्या कानावर गाडीच्या शिडाची गोष्ट घातली. साहेब पोट धरून हसला आणि म्हणाला, त्या माणसालाच बसवा तिच्यात. जिंकला तर होडी त्याची. मात्र होडीत माणसं दोन, तिसरा बसला की शर्यत गेली.

पुंजाजीनं पुरतं ऐकूनही घेतलं नाही, हो म्हणून मोकळा झाला. दुसरा माणूस कोण, तर मी. मला कोणी विचारलं नाही. मला पोहता येत नाही हेही कोणी विचारलं नाही.

सराव याच काठाला, मुनशीच्या नजरेसमोर. आता पुंजाजी म्हणजे पंचक्रोशीत उफणणीला नंबर एक. खळ्यावर तिव्यावर, त्या तीन पायांच्या उंच घडवंचीवर, चढून सुपातून ज्वारी सोडायचा ती अशी की दाणा इकडे, भूस तिकडे. त्याचा हिशेब साधा होता, वारा बगलेतून घेतला की काम फत्ते. तेवढं शिडालाही लागू पडलं. पण गडी होडीतही तिव्यावर चढल्यासारखा ताठ उभा राहिला. पहिल्याच झुळकीला शीड वळलं आणि हा पाण्यात. वर काढला तर पाणी थुंकत म्हणतो, "तिवा हालत नाई, थेच त्याचं बरं हाये."

शनिवारी निशाण पडलं, दोन्ही साहेबांच्या होड्या सुटल्या, आणि आमची जागच्या जागी. कारण पूजा राहिली होती. नवं औत असो की नवी गाडी, नारळ फोडल्याशिवाय चाक फिरत नाही आमच्याकडे. यानं होडीला हळदकुंकू लावलं, उदबत्ती ओवाळली आणि नारळ फोडला तो थेट तिच्या चकचकीत नाकावर. रंगाचा मोठा थोरला पापुद्रा निघाला. मुनशी कपाळ बडवून घेत होता. पण वारा आमच्या बाजूचा होता. पुंजाजी शिडावर डोळा लावून बसला तो पिपाला वळसा घालून परत येईस्तोवर त्यानं दुसरीकडे पाहिलं नाही. आम्ही दुसरे आलो. घाटावर सगळं गाव नाचलं. मी उतरलो आणि आधी जमिनीवर आडवा झालो.

रविवारी त्यानं पूजा उजाडताच उरकली. निशाण पडताच होडी अशी सुटली की माझा फेटा मागं घाटावरच राहिला. मी शिडाची दोरी धरून देवाचं नाव घेत होतो, तो सुकाणू धरून मला शिव्या घालत होता. अर्ध्या पाण्यात एक साहेब मागे पडला, पुढे दुसराही. पीप समोर दिसू लागलं. मी, खरं सांगतो, भीती विसरलो. आता वळलो की होडी आपली, आणि होडी आपली की सरू घरी.

पलीकडच्या काठावरही तमाशा पाहायला गावं लोटली होती. पिपाजवळ आलो आणि काठावरून हाक आली.

"बाबा!"

पुंजाजीनं शिडावरून डोळे काढले. गर्दीच्या पुढे, चिखलात घोट्यापर्यंत, सरू उभी होती. पोट मोठं झालेलं, तोंड वाळलेलं. शेजारी तिची सासू, तिचा दंड धरून.

वळायची वेळ आली. मी दोरी ओढली, आणि होडी वळेचना. यानं सुकाणू सरळ धरलं होतं. लाल निशाण आमच्या बगलेतून मागं गेलं आणि होडी खर्रकन काठाच्या गाळात रुतली. मागून साहेबाची होडी पिपाला वळसा घालून निघून गेली. मी ओरडलो, "अरे येड्या, डोंगा गेला ना हातचा!"

तो कंबरभर पाण्यात उतरला होता. माझ्याकडे वळून पाहिलं तेव्हा त्याच्या तोंडावर राग नव्हता, काही नव्हतं.

"डोंगा कायले पायजे होता, गनपत?"

तो चिखल तुडवत वर गेला आणि विहिणीपुढे हात जोडून उभा राहिला. अंगावर ओलं धोतर, डोक्याला काही नाही, हातात खणनारळ नाही. असा मुराळी मी जन्मात पाहिला नव्हता. म्हातारीनं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"मुराळी दारी आला," ती म्हणाली, "मंग नाई म्हनता येत नाई. न्या तुमची पोर. सांभाळून न्या."

त्यानं सरूला दोन्ही हातांवर उचललं आणि होडीत आणून बसवलं. गाळातून होडी ढकलताना माझी कंबर गेली ती आजवर गेलेलीच आहे. निघालो तेव्हा सरू म्हणाली, "काल बी आलती मी, बाबा. लय हाका मारल्या. तुमी पायलंच नाई."

पुंजाजी नुसती मान हलवत राहिला. मग त्यानं मला शीड अर्धं उतरवायला सांगितलं. होडी डुलली तर पोरीला त्रास होईल म्हणून. दुसराही साहेब आमच्या पुढून गेला. घाटावरचे लोक ओरडत होते, हातवारे करत होते, काही हसतही होते. आम्ही म्हशीच्या चालीनं येत होतो. मध्येच तो तिला विचारी, जेवली का व, कंबर दुखते का, ऊन लागते का. ती सगळ्याला हसून नाही म्हणे. मी दोरी धरून दुसरीकडे तोंड करून बसलो. डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते नदीचं आहे असं सांगायची सोय नव्हती.

आम्ही मधल्या धारेत असताना घाटावर जिंकलेल्या साहेबासाठी बंदुकीचा बार काढला. सरू केवढ्यानं तरी दचकली. पुंजाजीनं सुकाणू टाकून दिलं आणि दोन्ही हातांनी तिचे कान झाकून धरले. दुसरा बार झाला, तिसरा झाला. होडी धारेला लागली, गरकन फिरली, मी जिवाच्या आकांतानं ओरडलो, सुकाणू धर, मरतो आपण.

"थांब ना जरा," तो म्हणाला, "पोरगी भेली हाये."