अलमासबेगम यांची मूठभर वाटी

समस्त ताटवाट्यांचे धनी यांचे सेवेसी विनंती ऐसीजे. ईदेचे दिवशी कसबे केज येथे शिरखुर्म्याचे जे युद्ध जाहले, त्याची हकीकत पुसिली, सबब सेवक लिहितो. सेवकाने त्या दिवशी पाच वाट्या रिचविल्या होत्या, तरी अक्षर डळमळले असल्यास माफी असावी.

पूर्ववृत्त ऐसे. पंक्चरचे कारखानदार चाँदमियाँ यांची कन्या अलमासबेगम, उमर वर्षे आठ, गतसाली सात घरी सात वाट्या खाऊन गारद जाहली आणि पोट धरून निजली, आणि मैदानावर आकाशपाळणा फिरत राहिला, आणि अवघी गल्ली त्यात बसली, बेगम मात्र खाटेवर. हा सल वर्षभर राहिला.

मग यंदा तिसरीच्या योगिताबाई यांणी वर्गात फर्मान काढिले की, गोडधोड ज्याने त्याने आपल्या मुठीएवढेच खावे. बेगमेने मूठ मिटून पाहिली, बाजारात तेवढीच वाटी हुडकिली, आणि ईदेचे सकाळी नवा शरारा लेवून खाशी स्वारी निघाली.

पहिले घरी वाटी भरली, फस्त जाहली. दुसरे घरी पुन्हा भरली, पुन्हा फस्त. तिसरे घराचे उंबऱ्यात ध्यानी आले की, वाटी लहान केली, परंतु घरे सातच राहिली. मोठाच दगा जाहला. नको म्हणावे तर यजमानाची इज्जत जाते. मग बेगमेने अजब मनसुबा केला की, वाटी भरलेलीच वागवावी, घरोघर एक चमचा खावा आणि तेवढीच जागा भरून घ्यावी. भरल्या वाटीत कोण काय ओतणार? यजमानही राजी आणि पोटही राजी, ऐसी चार घरे सर जाहली.

सातवा किल्ला सईदा खालाचा, म्हणजे बेगमेची सख्खी मावशी, आग्रहात जबर. तिणे ती वाटी जप्त करून फळीवर ठेविली आणि काठोकाठ भरलेला वाडगा पुढे केला.

"कावून गं, समद्यांच्या घरचं ग्वाड, माज्याच घरचं कडू हाय काय?"

खिडकीतून पाळणा दिसत होता. बेगमेचे डोळे भरले. खाला तिची फार लाडकी, पाळणाही तितकाच लाडका. मग तिणे मूठ मिटून खालापुढे धरिली.

"खाला, तुमच्या हातचं लई ग्वाड हाय. पन माजी मूठ एवडीच हाय. वाडगा तुमच्या मुठीचा हाय, तुमीच खा."

"एवडं तर मी बसल्या बसल्या खाते," ऐसे म्हणोन खालाने वाडगा तोंडास लाविला. सकाळपासून चाखून चाखून तीन वाट्या आधीच पोटात गेल्या होत्या, त्यांची तिणे गणती केली नाही. बेगमेने एक चमचा खाऊन सलाम केला आणि वाटी सोडवून घेतली.

दिवस कलता बेगम पाळण्यात बसली, एकदा नव्हे, तीनदा. खालानेही तिकीट काढिले होते, परंतु पाळणा गरकन फिरताना पाहताच खाली बसली आणि ओवा चघळू लागली. बेगमेचा पाळणा खाली येताच खालाने आपली मूठ मिटून दाविली.

"पुडच्या ईदला एवडी वाटी मलाबी बघ."

येणेप्रमाणे किल्ले सात सर होऊन फत्ते जाहली, ऐसे दप्तरी नमूद केले. सेवकही तेथेच पाळण्याखाली पोट धरून बसला होता. खालाने उरला ओवा निम्मा पुढे केला, तो घेऊन चघळिला.